सिंगापूर–बँकॉक: तिकिटावरचा दीड तास खरा किती तासांचा?

लेक सिंगापूरला, मुलगा बँकॉकला. वर्षातून एकदा कराडहून निघायचं, लेकीकडे टॅम्पिनीसला महिना-दीड महिना राहायचं आणि मधेच आठ-दहा दिवस मुलाकडे जाऊन यायचं, असा आमचा दोघांचा क्रम ठरून गेलाय. सिंगापूर–बँकॉक हा टप्पा जाऊन-येऊन बारा वेळा झाला. त्यातला एक मी एकटीने केला, कारण ह्यांना ऐनवेळी ताप आला.

पहिल्या खेपेची गोष्ट सांगते. ह्यांनी तिकीट हातात घेतलं, "निघणार ९:४०, पोचणार ११:०५" असं मोठ्याने वाचलं आणि मुलाला फोनवर सांगून टाकलं, "अरे, दीड तासाचंच तर विमान आहे. पुणे–नागपूर समज." मी शेजारीच गवार मोडत बसले होते. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, मुलांकडून रेखांश आणि वेळेची गणितं घोटून घेतली, आणि घरातलं गणित चुकलं तेव्हा माझं लक्ष गवारीत. विमानात बसल्यावर वैमानिकाने उड्डाणाचा वेळ दोन तास पाच मिनिटं सांगितला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तेव्हापासून ओळखीतलं कोणी या बाजूला यायला निघालं की मी त्यांना कागद-पेन्सिल घेऊन समोर बसवते. आमच्या वयाच्या लोकांना मुलं तिकीट पाठवतात, पण ते वाचायचं कसं हे सांगायला त्यांना वेळ नसतो. तेच इथे लिहिते.

अंतर: तीन आकडे, तिन्ही खरे

मोबाइलवर सिंगापूर ते बँकॉक अंतर शोधलंत तर एका ठिकाणी १,४१५ किलोमीटरच्या आसपासचा आकडा दिसेल, दुसरीकडे साडेअठराशेच्या आसपासचा, आणि कुणी रेल्वेने गेलेला माणूस एकोणीसशेच्या वर सांगेल. कुणीच खोटं बोलत नाही. पहिला आकडा हवाई अंतराचा. दुसरा रस्त्याचा, म्हणजे जोहोरचा पूल ओलांडून अख्खा मलेशिया खालून वर चढायचा आणि थायलंडच्या चिंचोळ्या पट्टीतून बँकॉकला पोचायचं. रेल्वेही साधारण तशीच वळसे घेत जाते.

विमानाने जाणाऱ्याला पहिलाच आकडा हवा, आणि तो स्वतः काढता येतो. दहा मिनिटांचं काम आहे. शाळेत मी हे नववीच्या मुलांकडून करून घ्यायची.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. सिंगापूरचं चांगी विमानतळ १ अंश २२ मिनिटं उत्तर आणि १०३ अंश ५९ मिनिटं पूर्व. बँकॉकचं सुवर्णभूमी १३ अंश ४१ मिनिटं उत्तर आणि १०० अंश ४५ मिनिटं पूर्व. इथलं मिनिट घड्याळाचं नव्हे, अंशाचा साठावा भाग. आता वजाबाकी. अक्षांशांत फरक १२ अंश १९ मिनिटं, म्हणजे ७३९ मिनिटं. इथली गंमत अशी की अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. दर्यावर्दींनी हे माप नेमकं त्यासाठीच धरलं. म्हणजे उत्तरेकडे ७३९ सागरी मैल, झालं.

रेखांशांतला फरक ३ अंश १४ मिनिटं, म्हणजे १९४ मिनिटं. रेखांश विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, म्हणून तो आकडा थोडा कमी करावा लागतो. दोन्ही शहरांच्या मधला अक्षांश साधारण साडेसात. तिथे हे आकुंचन शेकडा एकच आहे, म्हणून १९२ धरा. आता पायथागोरस: ७३९चा वर्ग अधिक १९२चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ७६३ ते ७६४ सागरी मैल. त्याला १.८५२ने गुणलं की किलोमीटर मिळतात, साधारण १,४१४. पृथ्वी गोल आहे आणि आपण ती कागदावर सपाट धरली, तरी जेमतेम दोन-तीन किलोमीटरचाच फरक पडला. इतक्या जवळच्या आणि विषुववृत्ताला इतक्या लगतच्या शहरांसाठी हे चालून जातं. मुंबई–न्यूयॉर्कला ही पद्धत लावू नका, पार फसाल.

तुलनेसाठी सांगायचं तर मुंबई–दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर आणि मुंबई–कोलकाता साडेसोळाशेच्या आसपास. सिंगापूर–बँकॉक या दोहोंच्या बरोबर मधे बसतं. ह्यांना तेव्हा नागपूर आठवलं, तिथेच गाडं चुकलं.

नकाशावर या दोन बिंदूंमधे पट्टी ठेवलीत तर रेघ मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याला चिकटून जाते. जोहोर, मग पहांग, क्वांतानजवळून तेरेंगानू, आणि तिथून पुढे थायलंडच्या आखातावर. प्रत्यक्षात विमान नेमून दिलेल्या हवाई मार्गाने जातं, त्यामुळे रेघेच्या थोडं इकडे-तिकडे होतं आणि कापलेलं अंतर हिशेबापेक्षा काहीसं जास्तच भरतं. खिडकी हवी असेल आणि सकाळचं विमान असेल तर जाताना डावी बाजू घ्या. उजवीकडे पूर्व, आणि नऊचं ऊन थेट डोळ्यांत येतं. ह्यांना उजवीकडची खिडकी मिळाली की ते पडदा ओढून झोपतात, मग त्या खिडकीचा उपयोग काय?

अंतरावरून उड्डाणाचा वेळ

या मार्गावरची जेट विमानं एकदा उंचीवर पोचली की ताशी साधारण ८३०–८५० किलोमीटरने जातात. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत सरकत जायला वेळ लागतो, पुढे चार विमानं असली तर रांगेत थांबावं लागतं. म्हणून माझा ठोकताळा असा: किलोमीटरला ८००ने भागा आणि वर अर्धा तास घाला.

१,४१५ भागिले ८०० म्हणजे पावणेदोन तास, जास्तीत जास्त एक-दोन मिनिटं वर. अधिक अर्धा तास. सव्वादोन. वेळापत्रकात या मार्गाला साधारण २ तास २० मिनिटं ते अडीच तास लावलेले दिसतात. वरची ती पाच-पंधरा मिनिटं विमान कंपनी पदरची घालते, म्हणजे उशीर झाला तरी कागदावर वेळेत पोचल्यासारखं दिसतं. वैमानिक जो वेळ सांगतो तो चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा, तिकिटावरचा वेळ विमान दारापासून हलल्यापासून दुसऱ्या दारात उभं राहीपर्यंतचा. म्हणून वैमानिकाचा आकडा नेहमी कमी असतो. तो ऐकून "लवकर पोचणार" म्हणून खूश होऊ नका.

हा ठोकताळा दुसऱ्या जोड्यांना लावून पाहा. सिंगापूर–बाली साधारण १,६८० किलोमीटर, हिशेबाने २ तास ३६ मिनिटं, वेळापत्रकातही २:४०च्या आसपासच. सिंगापूर–मनिला २,४०० किलोमीटरला थोडं कमी, हिशेबाने साडेतीन तास, वेळापत्रकात त्याहून पाव तास जास्त. पण सिंगापूर–क्वालालंपूर हे जेमतेम ३०० किलोमीटर. हिशेबाने ५२ मिनिटं येतात, आणि वेळापत्रकात एक तासाच्या वर असतात. इथे ठोकताळा हरतो, कारण विमान पूर्ण उंची आणि वेग गाठतं न गाठतं तोच उतरायला लागतं. पाचशे किलोमीटरच्या आतल्या अंतराला अर्ध्याऐवजी पाऊण तास घाला.

जाताना आणि येताना वेळेत फरक पडतो का, असं बऱ्याच जणी विचारतात. मुंबई–सिंगापूरला पडतो. हिवाळ्यात उंचावरचा पश्चिमेचा वारा पूर्वेकडे जाताना पाठीवर असतो आणि येताना तोंडावर. सिंगापूर–बँकॉक मात्र दक्षिणोत्तर मार्ग आणि तोही उष्ण कटिबंधात, वारे मंद. फरक पाच-दहा मिनिटांचा. वाऱ्यापेक्षा पावसाचीच धास्ती जास्त. बँकॉकला मे ते ऑक्टोबर दुपारनंतर वादळी पाऊस कोसळतो आणि विमानं आकाशात घिरट्या घालत बसतात. सिंगापूरला साधारण एप्रिल ते नोव्हेंबर सुमात्राकडून पहाटे-सकाळी वाऱ्यापावसाची पट्टी येते, तिला तिथे 'सुमात्रा' असंच म्हणतात. या महिन्यांत मी सकाळी नऊ-दहाचं विमान घेते. पहाटेचा जोर ओसरलेला असतो आणि बँकॉकचा अजून सुरू झालेला नसतो. ही माझी आवड, नियम नव्हे.

घड्याळाची खोडी

आता ते ९:४० आणि ११:०५. सिंगापूरचं घड्याळ थायलंडच्या एक तास पुढे आहे. तिकिटावर दोन्ही वेळा आपापल्या गावच्या छापतात. म्हणून जाताना वजाबाकीत १ तास २५ मिनिटं दिसतात, त्यात एक तास मिळवायचा, खरा वेळ २ तास २५ मिनिटं. येताना उलट. दुपारी ३:३०ला निघून संध्याकाळी ६:५५ला पोचता, दिसतात ३ तास २५ मिनिटं, त्यातून एक तास काढायचा.

मिळवायचा की काढायचा याचा गोंधळ होत असेल तर माझी युक्ती वापरा. दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणा. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास, थायलंड दीड तास. ९:४०तून अडीच तास गेले, ७:१०. ११:०५तून दीड तास गेला, ९:३५. उरले २ तास २५ मिनिटं. माझ्या मनगटावरचं एचएमटी मी परदेशातही भारतीय वेळेवरच ठेवते, मोबाइल काय ते इथलं तिथलं आपोआप दाखवतो. सुनेला त्याचं हसू येतं. पण ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ त्याच घड्याळावर असते, आणि कराडला जाऊबाईंना फोन कधी करायचा हेही तेच सांगतं.

भूगोलाची म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दर रेखांशाला ४ मिनिटं हे सूत्र सगळ्यांना आठवत असेल. दोन विमानतळांत ३ अंश १४ मिनिटांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन शहरांत फक्त १३ मिनिटांचं अंतर. घड्याळात मात्र ६० मिनिटं! सूर्याप्रमाणे पाहिलं तर १०४ अंशांवरच्या सिंगापूरने ग्रिनिचपेक्षा ७ तास पुढे असायला हवं, बँकॉक जसं आहे तसं. पण सिंगापूर ८ तास पुढे आहे. पूर्वी ते साडेसात तास पुढे होतं. मलेशियाने आपला द्वीपकल्पाचा भाग आणि बोर्निओकडचे साबाह-सारावाक एका वेळेवर आणायचं ठरवलं, सिंगापूरनेही त्याच्याबरोबर जायचं ठरवलं, आणि ३१ डिसेंबर १९८१च्या रात्री साडेअकरालाच बारा वाजवले. त्या वर्षी नववर्ष अर्धा तास आधी आलं. म्हणूनच टॅम्पिनीसला सकाळी सात वाजले तरी धड उजाडलेलं नसतं आणि नात दिव्याच्या उजेडात शाळेची बस गाठते, तर बँकॉकला त्याच सुमाराला चांगलं फटफटलेलं असतं. पहिल्या खेपेला मला वाटलं होतं, मीच लवकर उठतेय.

कोणतं बँकॉक?

बँकॉकला विमानतळ दोन आहेत. सुवर्णभूमी हे मोठं, २००६ साली सुरू झालेलं, शहराच्या पूर्वेला. त्याचा तीन अक्षरी कोड बी-के-के. दुसरं डॉन म्युआंग, जुनं, उत्तरेला, कोड डी-एम-के. स्वस्त कंपन्यांची बरीच विमानं डॉन म्युआंगला उतरतात. दोन्हींत रस्त्याने चाळीसेक किलोमीटर अंतर आहे आणि मधे बँकॉकची वाहतूक. तिकिटावर शहराचं नाव 'बँकॉक' एवढंच मोठ्या अक्षरांत असतं, कोड बारीक. चष्मा लावून तो कोड आधी वाचा, मग बाकीचं.

हे मी उगाच सांगत नाही. आमच्या विहीणबाई आणि व्याही पहिल्यांदा आले, तेव्हा मुलगा फुलं घेऊन सुवर्णभूमीला उभा आणि ते डॉन म्युआंगला सामान घेऊन बाकावर. दोघंही एकमेकांना फोनवर "मी दारातच आहे" म्हणत होते, आणि दोघंही खरंच दारातच होते. भेट व्हायला दोन तास गेले. फुलं मान टाकून बसली होती.

सुवर्णभूमी हे नाव आपल्याला सोपं, पण टॅक्सीवाल्याला आपल्या उच्चारात सांगितलं तर तो गोंधळतो. ते 'सुवन्नफूम' म्हणतात, शेवटचा 'ई' खाऊन. आणि डॉन म्युआंगला उतरलात तर धावपट्ट्यांच्या मधे गोल्फचं मैदान दिसेल. लोक खरंच तिथे खेळत असतात, भास नाही तो.

एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान असेल तर विमानतळाची मोफत बस आहे, तिकीट दाखवावं लागतं. पण दोन विमानांत चार तासांहून कमी अंतर असेल तर मी तरी तो व्यवहार करणार नाही.

आता दारापासून दारापर्यंत

खरा प्रश्न हा. मुलाने कितीला न्यायला यायचं, जेवण कितीला लावायचं, गोळी कुठे घ्यायची हे सगळं यावर ठरतं. आमच्या ९:४०च्या विमानाचा हिशेब सांगते, तुमचा तुम्ही तसाच मांडा.

टॅम्पिनीसच्या घरातून ७:२०ला निघतो. टॅक्सीने चांगी पंधरा-वीस मिनिटांवर. सामान कमी असेल तर मेट्रोनेही जातो: तनाह मेरा स्टेशनला गाडी बदलायची, मग एक्स्पो आणि त्यानंतर चांगी. तुमची लेक पश्चिमेला जुरोंगकडे राहत असेल तर एक तास वरून धरा, आणि टर्मिनल कोणतं हे आधी बघा. टर्मिनल ४ बाकीच्या तिघांपासून वेगळं पडलंय, तिथे बसने जावं लागतं.

काउंटर विमानाच्या साधारण तासभर आधी बंद होतात. दोन तास आधी पोचलं की निवांत होतं. व्हीलचेअर हवी असेल तर ती तिकीट काढतानाच मागा, निदान दोन दिवस आधी. तिथे जाऊन मागितली तर वाट पाहत बसावं लागतं.

चांगीच्या टर्मिनल १, २ आणि ३मधे बॅगांची तपासणी सुरुवातीला नसते, थेट विमानाच्या गेटवर असते. याचे दोन परिणाम. एक, सगळं पार पडलं या समजुतीने दुकानांत रमू नका, गेटवरची रांग अजून बाकी असते. दोन, आत विकत घेतलेली पाण्याची बाटलीही गेटवर रिकामी करावी लागते. आणि लोणचं! मी सुनेसाठी लिंबाचं लोणचं हातातल्या पिशवीत घेतलं होतं, वाटलं घट्ट आहे. तपासणीवाल्या मुलीने बरणी आडवी केली, रस सरकला, संपलं. १०० मिलिलिटरच्या वरचा कोणताही पातळ पदार्थ हातात चालत नाही, आणि लोणचं पातळात मोडतं. मेतकूट आणि लसणाची चटणी मात्र सुखरूप गेली. लोणचं आता चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून, ह्यांच्या जुन्या लुंगीत गुंडाळून.

स्वस्त तिकिटात ती चेक-इनची बॅग धरलेली नसते, हेही बघा. हातातल्या सामानाला कुठे ७ किलो, कुठे १० किलो. काउंटरवर बॅगेचे पैसे भरले तर आधी भरण्यापेक्षा बरेच जास्त पडतात. तिकिटांची तुलना करताना बॅग धरूनच करा, मग स्वस्त आणि महाग यांतलं अंतर अनेकदा मिटतं. जुन्या माहितीत तुम्हाला जेटस्टार एशियाची विमानं दिसतील. ती कंपनी ३१ जुलै २०२५ला बंद झाली, तिच्या भरवशावर राहू नका.

विमान थाई वेळेनुसार ११:०५ला दारात लागलं. तिथून लांबलचक चाल. पासपोर्टची रांग कधी वीस मिनिटं, कधी तासभर, नेम नाही. मी चाळीस धरते. थायलंडला जायच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो, मे २०२५पासून सगळ्यांनाच. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. पैसे मागणारं पान उघडलं तर ते बंद करा, तुम्ही भलत्या ठिकाणी आहात. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो की नाही आणि किती दिवस राहू देतात हे नियम अलीकडे वरचेवर बदललेत, त्यामुळे गेल्या वर्षी शेजारणीला काय लागलं यावर जाऊ नका. तिकीट काढायच्या आधी थाई दूतावासाच्या पानावर बघा.

बॅग घेऊन बाहेर यायला बारा-सव्वाबारा. तळमजल्याखाली विमानतळाची रेल्वे आहे. भाडं कुठेही गेलं तरी ४५ बाथच्या आत, शेवटचं स्टेशन फाया थाई अर्ध्या तासावर. मुलगा असोकजवळ राहतो म्हणून आम्ही मक्कासनला उतरतो, पादचारी पुलाने भूमिगत मेट्रोच्या फेचबुरी स्टेशनला जातो आणि एकच स्टेशन पुढे सुखुमवित. तेच असोक. सामान जास्त असेल तर टॅक्सी. पहिल्या मजल्यावर यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर टॅक्सीच्या रांगेचा क्रमांक असतो. मीटरवर विमानतळाचे ५० बाथ चढतात आणि द्रुतगती मार्गाचा टोल आपल्याकडे, हे ठरलेलंच आहे, त्यावरून भांडू नका. ती चिठ्ठी मात्र उतरेपर्यंत जपून ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी किंवा पावसात टॅक्सीचा हट्ट धरू नका, रेल्वेच बरी.

असोकला घरी पोचलो तेव्हा थाई वेळ १:०५. सिंगापूरच्या घड्याळात २:०५. सकाळी ७:२०ला निघालेलो, म्हणजे पावणेसात तास. दीड तासाचं विमान! आता मी सरळ सांगते, तिकिटावरचा खरा उड्डाणाचा वेळ काढा आणि त्यात चार ते साडेचार तास मिळवा. दोन्ही घरं विमानतळापासून लांब असतील तर पाच. जेवणाची वेळ त्यावर ठरवा. आम्ही घरून दशम्या नेतो आणि त्या विमानातच खातो. बारा वाजता रांगेत उपाशी उभं राहून ह्यांची साखर खाली जाऊ देण्यात अर्थ नाही.

रेल्वेनेच जायची हौस असेल तर सिंगापूरच्या वूडलँड्सहून जोहोर बाहरूला पाच मिनिटांची गाडी, तिथून क्वालालंपूर, तिथून सरहद्दीवरचं पडांग बेसार आणि तिथून रात्रीची थाई गाडी. दोन दिवस जातात. ह्यांची इच्छा आहे, माझ्या गुडघ्यांची नाही.

येताना

परतीचं गणित तेच, फक्त घड्याळ तुमच्या विरुद्ध जातं. दुपारी साडेतीनला बसलात तरी सिंगापूरला घरी जेवायला आठ-साडेआठ होतात. लेकीला हे आधीच सांगा. बँकॉकला विमानतळावर तीन तास आधी पोचा, चांगीच्या दोन तासांचा हिशेब तिथे लावू नका. घरातून निघताना वाहतुकीसाठी निदान तास-दीड तास वेगळा ठेवा.

सिंगापूरचा व्हिसा तपासा. भारतातून एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन आलात आणि मधे बँकॉकला गेलात, तर परत आत यायला दुसरा व्हिसा लागेल. आमचा अनेक प्रवेशांचा असतो, तरी दर वेळी मी चष्मा लावून ती ओळ वाचते. सिंगापूरचं आगमनपत्रही पुन्हा भरावं लागतं, पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत, तेही फुकट. आत आल्यावर किती दिवस राहता येईल हे नव्याने ठरतं आणि ईमेलवर येतं. जुनी तारीख धरून बसू नका.

पासपोर्टचा शिक्का झाला की सुवर्णभूमीवर आत समुद्रमंथनाचं मोठं शिल्प आहे. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दैत्य, मधे वासुकी आणि वर विष्णू. दर खेपेला आम्ही त्याच्यासमोरच्या बाकावर बसतो. हे देव मोजतात, मी दैत्य मोजते, आणि आमचे आकडे अजून एकदाही जुळलेले नाहीत. तिथून गेटपर्यंत माझ्या चालीने बारा मिनिटं लागली होती, ह्यांच्या चालीने वीस. तुम्ही वीसच धरा.